आखाजीआधी गार घर

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार. सकाळ.
ही डायरी ऑफिसची. साहेबांना दोन मिळाल्या, त्यांनी एक मला दिली. जानेवारी कोरा गेला तो गेला. आजपासून नियमित.

काल धुळ्याहून रत्नाचं पत्र आलं. मे अखेरचे दिवस सांगितलेत. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणायचं आणि मग ठेवूनच घ्यायचं, असं माझं आणि सुनंदाचं ठरलेलं. पण पत्राच्या खाली विहीणबाईंनी दोन ओळी घातल्यात. तुमच्या जळगावचे ऊन फार, सोय होत नसेल तर मोकळेपणाने कळवावे, इथे होऊन जाईल.

सोय होत नसेल तर. ही ओळ चार वेळा वाचली. एकुलती एक मुलगी आणि तिचं बाळंतपण सासरी? जळगावच्या आमच्या पिंप्राळ्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सुनंदा म्हणाली, मनावर घेऊ नका, त्यांनी काळजीनं लिहिलंय. भोळी आहे.

निश्चय: आखाजीच्या आत घर गार करणे. इतकं गार, की विहीणबाईंनी आल्या आल्या स्वेटर मागावा.

१६ फेब्रुवारी, गुरुवार.
सापडलं. ऑफिसच्या रद्दीत परदेशी मासिक. थंड मुलुखातलं. गल्लीच्या टोकाला एक बॉयलर, तिथून पाइप निघतात, प्रत्येक घरात फिरतात आणि परत बॉयलरकडे जातात. लाल रेघ गरम पाणी जाणारी, निळी रेघ गार होऊन परत येणारी. अख्खी गल्ली एका चुलीवर शेकते.

मजकूर बारीक इंग्रजीत होता, तो वाचला नाही. ट्रेसरला आकृती पुरते. चोवीस वर्षं साहेब लोकांच्या नकाशांवर ट्रेसिंग कापड टाकून शाईनं गिरवतोय. धरणं गिरवली, पूल गिरवले, एक दवाखानाही गिरवला. एवढं गिरवलेला माणूस इंजिनिअर नाही तर कोण?

आपल्याकडे उलटं करायचं. बॉयलरच्या जागी विहीर. निळी रेघ जाणारी, लाल रेघ परतीची. फक्त शाईच्या बाटल्या बदलायच्या. एवढं सोपं खानदेशात आजवर कुणाला कसं सुचलं नाही, याचं नवल वाटतं.

१९ फेब्रुवारी, रविवार.
मीटिंग घेतली. आमच्या ओळीत चार दारं, भिंतीला भिंत लागून. पहिलं माझं. मग भिकन, वरणगावच्या फॅक्टरीत जातो. मग वना, जिनिंगमध्ये काट्यावर असतो. शेवटचं झुंबरअक्कांचं, त्या एकट्याच असतात. मागच्या अंगणात चौघांत मिळून एक विहीर.

विहिरीचं पाणी थर्मामीटरनं मोजून दाखवलं. सव्वीस. बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस. हा फरक फुकट पडून आहे, असं समजावलं. पंपानं पाणी वर घ्यायचं, पाइपातून घराघरांत न्यायचं. प्रत्येक घरात ट्रकचा जुना रेडिएटर आणि त्याच्यामागे टेबलफॅन. जाळीतून येईल ती हवा गार. पाणी परत विहिरीत. थेंब वाया नाही.

आणि धाबी काढायची. हातभर मातीचं छप्पर डोक्यावर घेऊन किती दिवस राहायचं? दर वर्षी वर खारी माती पसरा, तरी ताटात माती पडतेच. त्याऐवजी पत्रे आणि पत्र्यावरून लाइन. शिवाय मॉडर्न दिसतं.

भिकन तयार. भिकन तयार म्हणून वना तयार. झुंबरअक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, अरे आधार, मनं घर थंडंच शे रे भो, माले नळ कसाले? म्हटलं, अक्का, हे सायन्स आहे. त्या म्हणाल्या, व्हई, पन मना धाबाले हात लावू नको.

तिघांकडे गारवा झाल्यावर येतील विनवण्या करत. नकाशात त्यांचं घर तुटक रेघेनं दाखवून ठेवलं आहे.

२७ फेब्रुवारी, सोमवार.
नकाशा साहेबांना दाखवला. बराच वेळ बघत होते. म्हणाले, अक्षर सुरेख आहे. मग एकच प्रश्न, परतीचं पाणी कुठे सोडता? त्याच विहिरीत, साहेब. साहेब 'हं' म्हणाले आणि चहा सांगितला. चकित झाले होते. मंजुरी समजायला हरकत नाही.

१२ मार्च, रविवार.
धाबं उतरवायला काढलं. माती संपता संपेना. चाळीस वर्षांचे थर. अंगणात एवढा ढीग झाला की विहीर दिसेना. झुंबरअक्कांनी विचारलं, हाई माटी फेकनार शेस का? म्हटलं, न्या. त्यांनी दोन बाया लावल्या आणि सगळी माती टोपल्यांनी आपल्या धाब्यावर चढवली. आपली सफाई फुकटात झाली. म्हाताऱ्या माणसाला मातीचा मोह सुटत नाही.

सुनंदा उघड्यावर स्वयंपाक करते. सकाळी डोळे पुसत होती. विचारलं तर म्हणाली, धूर गेला. चूल तर अजून पेटायची होती.

२६ मार्च, रविवार.
पत्रे बसले. भिकनचे, वनाचेही बसले. लांबून ओळ चकाकते.

दुपारी दोन वाजता आत बसून पाहिलं. गरम होतं. साहजिक आहे, लाइन सुरू नाही. न लावलेल्या पंख्याला कुणी नावं ठेवत नाही. भिकनला हे दोनदा सांगितलं. वरणगावहून शिफ्ट करून आल्यावर त्याला नीट ऐकू येत नसावं, कारण तो अक्कांच्या ओट्यावर जाऊन झोपला.

९ एप्रिल, रविवार.
फिटर मिळाला. नाव चिंधा. मला साहेब म्हणतो. माणूस कामाचा आहे.

त्यानं एकच शंका काढली. साहेब, लाइन पत्र्यावरून नेली तर ऊन लागीन ना? म्हटलं, चिंधा, ऊन लागायला पाणी थांबलं पाहिजे. आपलं पाणी पळतं आहे. चिंधा विचारात पडला. मग म्हणाला, तुमी शिकेल मानसं. पाइप गंजू नयेत म्हणून काळा रंग देऊन घेतला. पांढऱ्या पत्र्यावर काळी लाइन उठून दिसते. गिरवल्यासारखी.

१८ एप्रिल, मंगळवार.
आखाजीला वीस दिवस. लाइन सगळीकडून गळते. चिंधानं सगळे सांधे सुतळी आणि सफेदा लावून पुन्हा आवळले. मग सांधे गळायचे थांबले आणि पाइप गळायला लागला. तिसरा रेडिएटर अजून आलेला नाही. भंगारवाला उद्या देतो म्हणतो. आठ दिवस उद्याच चाललंय.

रात्री झोप नाही, दिवसा पत्र्याखाली बसवत नाही. ऑफिसात डुलकी लागली आणि एका पुलाच्या नकाशावर शाई सांडली. साहेबांनी नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

सुनंदा म्हणाली, अजून वेळ आहे, धुळ्याला लिहा की पोरीला तिथंच राहू द्या. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. मग दिवसभर वाईट वाटलं. पण लिहिणार नाही. मेलो तरी लिहिणार नाही.

३० एप्रिल, रविवार.
झालं. सकाळी सात वाजता ट्रायल. चिंधानं पंप सुरू केला. पाइप खोकले आणि पाणी आलं. रेडिएटरमागे फॅन लावला. हवा गार. खरोखर गार. थर्मामीटर सत्तावीस. तिन्ही घरांत गार. वनाची बायको तानुबाई डोक्यावर पदर घेऊन फॅनसमोर बसली ती उठेना. सुनंदानं जाळीला हात लावला आणि हसली. दोन महिन्यांनी हसली. मला बाहेर जावं लागलं, डोळे भरून आले होते.

पावणेआठला वीज गेली. पण सिद्ध झालं ते झालं.

धुळ्याला कार्ड टाकलं. घर गार झाले आहे, पहाटे पांघरूण लागते, रत्नाला न्यायला येतो.

६ मे, शनिवार.
एसटीनं धुळ्याहून रत्नाला घेऊन आलो. पोट मोठं, चेहरा उतरलेला. पण आप्पा आले म्हणून खुशीत. निघताना विहीणबाई द्रौपदाबाईंनी विचारलं, आधारभाऊ, घर खरंच गार शे ना? म्हटलं, बर्फ. त्या म्हणाल्या, बारसाले मी येसूच, तव्हय दखसू. दखा म्हटलं.

आज दुपारी लाइन बंद ठेवली. वीज नव्हती. रत्नाला सांगितलं, उद्या बघ.

८ मे, सोमवार. आखाजी.
पुरणपोळी, रस, सगळं झालं. गल्लीत पोरी झोक्यावर गात होत्या. बाहेर चव्वेचाळीस.

सण म्हणून दुपारीही वीज होती. एकला पंप सुरू केला. फॅनसमोर रत्नाला बसवलं. तिनं एक मिनिट डोळे मिटले, मग म्हणाली, आप्पा, फॅन बंद करा ना. म्हटलं, का गं? म्हणाली, झळ येते. हात लावून पाहिला. रेडिएटरला हात लावता येईना.

चिंधाला बोलावलं. तो पत्र्यावर चढला आणि तसाच उतरला, चप्पल चिकटली. म्हणाला, साहेब, पाइप इस्त्री व्हयेल शे. सुरुवातीची अडचण आहे. लाइन अजून रुळायची आहे.

११ मे, गुरुवार.
वीज बारा ते पाच जाते. तेवढा वेळ पाणी पत्र्यावरच्या काळ्या पाइपात बसून राहतं. वीज आली की आधी पंधरा मिनिटं कढत पाणी फिरतं. त्यानंतर नुसतं गरम.

विहिरीचं पाणी मोजलं. चौतीस. पुन्हा मोजलं. चौतीस. साहेबांच्या त्या प्रश्नाचा अर्थ आज एकदम लक्षात आला. 'हं' चाही. तेव्हाच स्पष्ट बोलायला काय झालं होतं? वरिष्ठांनी जबाबदारी घेतली पाहिजे.

तानुबाई मात्र खुश आहे. तिनं फॅनसमोर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घातले. उन्हात दोन दिवस लागतात, इथे एका दुपारी कडकडीत. म्हणते, भाऊ, लाइन बंद करू नका, अजून कुरडया शेत.

१३ मे, शनिवार.
उपाय एक: पाइपांवर ओली पोती. पोती तासात वाळतात. मी दर तासाला पत्र्यावर. पाय भाजले.
उपाय दोन: रात्रीच पंप चालवून पाणी निवू द्यायचं. रात्री वीज नसते.
उपाय तीन: थर्मामीटर माठाशेजारी टांगला. एकोणतीस दाखवतो. हे बरोबर नाही हे कळतं. पण आल्यागेल्याला निदान आकडा तरी दाखवता येतो.

विहीर अडतीस. बायका पाणी भरताना घागरीला हात लावून हात मागे घेतात आणि माझ्याकडे बघतात. भिकननं लाइनचं त्याच्याकडचं टोक आरीनं कापलं.  बालमित्र आहे.

रत्नाच्या अंगभर घामोळं. पाय सुजलेत. विचारलं तर म्हणते, काही नाही आप्पा, बरं आहे. ती असं म्हणते तेव्हा मला तिथं थांबवत नाही.

१५ मे, सोमवार.
रत्नाला चक्कर आली. मोरीच्या दारात पडली. पोटावर पडली नाही, एवढीच देवाची कृपा. रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी तपासलं आणि मला बाहेर बोलावून विचारलं, कुठे ठेवलंय हिला? पत्र्याच्या घरात? हिला गारव्यात हलवा नाहीतर सासरी पाठवा. मी म्हटलं, दोन दिवस द्या, लाइनला दुसरी मोटर बसवतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कसली लाइन, असंही विचारलं नाही.

धुळे तीन तास. या उन्हात, एसटीत, नवव्या महिन्यात. आणि पोचल्यावर विहीणबाई दारात उभ्या.

घरी आल्यावर सुनंदाला तेच सांगितलं. फक्त दोन दिवस. हात जोडून सांगितलं. तिनं रत्नाची पिशवी घेतली, रत्नाचा हात धरला आणि बाहेर पडली. मला वाटलं, स्टँडवर निघाल्या. मी मागे. ती भिकनच्या दारावरून पुढे गेली, वनाच्या दारावरून पुढे गेली आणि अक्कांच्या दारात थांबली. अक्कांनी विचारलंच नाही काही. खाटेवरची गोधडी झटकली आणि म्हणाल्या, ये वो माय, पड आठे.

मी उंबऱ्याच्या आत एक पाय ठेवला. आत अंधार आणि गारवा. काही यंत्र नाही, आवाज नाही. वर हातभर अक्कांची माती आणि तिच्यावर हातभर माझी.

पाय मागे घेतला.

१८ मे, गुरुवार.
सुनंदाही तिकडेच असते. माझा डबा येतो. भिकन दुपारी तिकडे झोपतो, तानुबाई तिकडे निवडण-टिपण करते. सगळी ओळ तिथे आहे, मी इथे. कुणीतरी लाइनजवळ थांबलं पाहिजे.

नवीन नकाशा काढायला घेतला. विहीर दुसरी खोदायची, लाइन जमिनीखालून. मूळ कल्पना बरोबरच होती. अंमलबजावणीत चिंधा कमी पडला.

दुपारी तीनला नकाशावर घाम पडून शाई पसरली. पुसली नाही. डोकं टेबलावर ठेवून तसाच बसलो. सत्तेचाळीस. माठाशेजारी एकतीस.

२७ मे, शनिवार.
नात झाली. पहाटे दवाखान्यात. दोघी सुखरूप. सुनंदानं येऊन सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी बाळंतिणीला घेऊन आल्या. कुठे, हे लिहायची गरज नाही.

३१ मे, बुधवार.
एक समाधानाची गोष्ट. बाळंतिणीच्या आंघोळीला रोज दोन बादल्या कडक पाणी लागतं. अक्कांच्या घरी त्यासाठी पहाटे लाकडं जाळत. काल सुनंदा येऊन म्हणाली, तुमच्या लाइनचं पाणी देता का? आंघोळ दुपारवर नेली, चार वाजता नळ सोडला. वाफा. दोन्ही बादल्या मीच नेऊन दारात ठेवल्या. काडी न जाळता. म्हणजे योजना गरम बाजूनं यशस्वी आहे. परदेशी मासिकात तरी दुसरं काय होतं?

अक्कांनी कोपर बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, कडक शे, पोरले भाजीसन काढशीन का? थोडं थंडं पानी लई ये. विहिरीवर गेलो. विहीर एकेचाळीस. चौघांच्या चारही माठांत शोधलं, पिण्यापुरतंच होतं. शेवटी मारुतीच्या देवळामागच्या हापशावरून कळशी भरून आणली. अर्धा मैल.

आता रोज आणतो.

७ जून, बुधवार. बारसं.
हे लिहायचं नव्हतं. पण नियमित म्हटलं होतं.

विहीणबाई अकराच्या बसनं आल्या. मी स्टँडवर घ्यायला गेलो.  त्यांनी आमचं घर पाहिलेलं नाही, लग्न शाळेच्या मैदानावर झालं होतं. रात्रभर ठरवत होतो, काय सांगायचं. डागडुजी चालू आहे. वायरिंग जळलं. पत्रे वादळानं आले. काहीच बसेना.

रिक्षा ओळीसमोर थांबली. झुंबरअक्का आपल्या दारात खाटेवर बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या, चपला हातात घेतल्या आणि बाहेर ओट्यावर पोत्यावर जाऊन बसल्या. म्हणाल्या, या विहीनबाई, मी शेजारीन शे, पोरले दखाले येल व्हतू. रत्ना आतून म्हणाली, या आई, हेच आमचं घर. ते म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

विहीणबाई आत टेकल्या. पदरानं घाम टिपला. मग टिपायला घाम उरला नाही. नातीला मांडीवर घेतलं. वर बघितलं, भिंतीला हात लावला. म्हणाल्या, आधारभाऊ, आमना धुयामा बठ्ठा लोके धाबं काढीसन पत्रा टाकी बसनात, भट्टी व्हई गई घरघर. तुम्हीन धाबं ठेवं, बेस करं. मी लिखं व्हतं सोय नई व्हनार, ते चुकनं मनं.

चार महिने ज्या वाक्यासाठी जीव काढला, ते वाक्य. 

पाळणा म्हणून झाला. नाव गौरी ठेवलं. जेवताना त्यांची नजर दाराबाहेर गेली, ओळीच्या दुसऱ्या टोकाला. विचारलं, ते कोनं घर शे? पत्रावर काया नळ दिखतस.

 सुनंदा वाढता वाढता थांबली. मी म्हणालो, आहे एक ट्रेसर. डोक्यानं जरा अर्धवट आहे.

ओट्यावरून अक्का म्हणाल्या, अर्धवट नई वो. मानूस चांगला शे. त्याले पोर येनार व्हती ना घर, म्हनीसन घाबरी गयथा.

विहीणबाई म्हणाल्या, असं शे का, आणि भात मागितला. सुनंदानं वाढला. माझ्या पानातही वाढला, मी नको म्हणायच्या आत.

चारच्या बसला त्यांना पोचवलं. चालत परत आलो. माझ्या घराचं कुलूप काढलं नाही. सरळ ओळीच्या शेवटी गेलो. अक्का परत आपल्या खाटेवर बसल्या होत्या. आतून नात रडत होती. उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारलं, अक्का, आत येऊ का.